वरच्या सुराआधीची उसंत

थोरल्या बाई खालच्या मजल्यावर पियानो शिकवायच्या आणि त्यांची धाकटी जाऊ वरच्या. एकाच घरात दोन क्लास. जळफळाटाला कोळसा बाहेरून कशाला आणायचा? त्यातून शाळांच्या स्पर्धेचा चषक दरवर्षी जिना चढून वरच जायचा. त्याच्यासाठी कपाटात मोकळी ठेवलेली जागा थोरल्या बाई रोज पुसायच्या. जिन्याकडे मात्र त्या फिरकायच्या नाहीत. चढतील कशा? वर चषक होता ना!

यंदा सगळ्यांना एकच धून नेमलेली. संध्याकाळी छतातून धाकटीची शिष्या ऐकू आली की बाई भाजी चिरायची थांबून कान टवकारायच्या. शेवटी एक उंच सूर दोनदा येतो. दुसऱ्यांदा यायच्या आधी ती पोर हलकेच थांबायची. रोज, नेमकी तिथेच.

"ऐकलंत? यालाच परीक्षक भुलतात मेले!"

"मग तूही थांबव की तुझ्या पोरीला," नवरा पेपरातून म्हणाला. "थांबायला काय शिकवणी लागते?"

लागली. बाईंनी आपल्या शिष्येकडून तो थांबा घोटवून घेतला.

"पण बाई, कागदावर तर सलग आहे."

"कागदाला काय कळतंय? श्वास घे, मग वाजव."

स्पर्धेत धाकटीची शिष्या आधी बसली. तो सूर आला आणि पोर सरळ वाजवून मोकळी! बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग त्यांची पोर बसली. ती थांबली, शिकवलं होतं त्याहून सुरेख थांबली. परीक्षकांनी काळजीनं मान वर केली. "विसरलीस का बाळ?"

चषक पुन्हा वर जायला निघाला. बसमध्ये धाकटी तो मांडीवर घेऊन शेजारीच बसली.

"जाऊबाई, तुमची पोर तिथे का हो अडली? माझी घरी अडते ते समजू शकतं. आमच्या पियानोची त्या सुराची पट्टी दाबली की खालीच बसते; नखानं उचलावी लागते. दुरुस्तीवाला मेला येतच नाही."

थोरल्या बाई घरात शिरल्या त्या थेट पियानोपाशी, चपलासुद्धा न काढता, आणि एका टोकापासून एकेक पट्टी दाबून बघू लागल्या.

"आता काय शोधतेस?" नवऱ्यानं विचारलं.

"आपली एकही मेली अडकत नाही हो!"