बसलोय

भूक लागलीय हे त्याला हात थरथरायला लागले की कळायचं, आणि राग आलाय हे पाना फेकून झाल्यावर. लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात असला माणूस कसा टिकला, देव जाणे! पायाला भिंगरी, म्हणून बायकोपासून मुकादमापर्यंत सगळे त्याला भिंगरीच म्हणत.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, या चंचल, उतावळ्या स्वभावाला एडीएचडी म्हणतात. "भीतीनं छाती धडधडते, तशी हुरुपानंही धडधडते. तुम्ही दर वेळी हुरूपच समजता." त्याला ते पटलं. पण पटलं म्हणून सुटलं, असं थोडंच होतं?

जोडीदार म्हणून सख्खा मेहुणा होता. बहिणीच्या संसाराची काळजी, म्हणून त्यानं ही जोडी मुद्दाम मागून घेतलेली. एकानं लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं, दुसऱ्यानं गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत वीज तोडून बसायचं. खालचा ओरडणार, "बंद?" त्यावर वरच्यानं ‘बंद’ म्हणायचं नाही, कारण लिफ्टची ती उंच पोकळी तुमचाच ‘बंद’ तुम्हाला परत करते. वरच्यानं म्हणायचं, "बसलोय." म्हणजे वीज तोडलीय आणि मी इथून हलत नाही.

एकदा मेहुणा अजून जिनेच चढत होता आणि इकडे भिंगरीला धीर निघेना. तो ओरडला, "बंद?" "बंद," आलं. आवाज आपलाच आहे हे कळायला क्षणभर थांबावं लागलं असतं, आणि नेमकं तेच याच्याच्यानं होत नाही. त्यानं उडी टाकली. तेवढ्यात कुणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट खाली आली. तो तेलकट खड्ड्यात आडवा झाला म्हणून वाचला. लिफ्टचा तळ नाकापासून वीतभर. मान उचलता येईना, कूस बदलता येईना.

मेहुण्यानं धावत येऊन टॉर्च मारला, तर हा हसत होता. अगदी मनापासून! इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"भावोजी," मेहुणा नंतर म्हणाला, "उद्यापासून खाली मी, वर तुम्ही."

"मला बसवून ठेवणार होय रे?"

"ताईकडे तुमचं प्रेत घेऊन जायची माझी छाती नाही. हेही जमलं नाही तर जोडी मोडली."

जोडी मोडली म्हणजे काम सुटलं, कारण दुसरं कुणी त्याच्याबरोबर खड्ड्यात उतरायला तयार नव्हतं.

मशीनच्या खोलीला खिडकी नव्हती. एक स्टूल, लिफ्टची वीज तोडायचा-जोडायचा एक मोठा खटका आणि तापलेलं छप्पर. "बंद?" खालून आलं. "बसलोय!" यानं ठणकावून सांगितलं. थोडा वेळ बरा गेला. मग पायांत मुंग्या, मानेला घाम आणि छातीत ती ओळखीची, गोड धडधड. काम झालंच असेल, मन म्हणालं, एकदा चालवून तर बघ. हात खटक्यावर गेलासुद्धा. खाली कोण आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी हात मागे येईना. उठून पळावं, तर खटका राखायला कुणी नाही. बसावं, तर हात ऐकत नाही. डाव्या हातानं त्यानं उजवं मनगट आवळून धरलं आणि लिफ्टचे दोर खाली जातात त्या भोकाशी तोंड नेलं.

"अरे, बाहेर ये!"

"का? काय झालं?"

"बसलोय, पण बसवत नाही रे! माझा हात खटक्यावर आहे. आधी बाहेर हो!"

खाली दार आपटलं, जिन्यावर पावलं वाजली. तोवर तो तसाच मनगट धरून बसला. आता त्याला भीती वाटत होती, आणि ही भीतीच आहे हे त्याला कळत होतं.

मेहुणा धापा टाकत आत आला. त्यानं फ्यूज काढून खिशात टाकला आणि मनगटात रुतलेली त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"जोडी मोडली, भावोजी," तो म्हणाला, आणि त्याला घट्ट मिठी मारून ढसाढसा रडायला लागला.