पत्र्यापलीकडची टकटक

माझी मुलगी बावीस वर्षांची आहे आणि तिनं मला अजून एकदाही ‘बाबा’ म्हटलेलं नाही. तिला ऑटिझम आहे. बोलते ती मोजकंच: पाणी, पंखा, नको. त्यात मी नाही. हे मला समजतं, पण पटत नाही. माझ्यासारख्या तापट माणसाला नुसती वाट बघायला सांगणं म्हणजे शिक्षाच.

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो, त्याच सुमारास ती जिथे जाते त्या केंद्रातल्या ताईंनी आम्हाला एक गेम सुचवला. टीव्हीवर दोन बुटके हमाल आणि एक लांबलचक सोफा. दोघांनी एकाच क्षणी उचलला तरच तो हलतो, नाहीतर धाडकन जिन्यावरून खाली.

“काका, शिकवायचं नाही, नुसतं खेळायचं,” ताईंनी बजावलं होतं.

ऐकेन तर मी कसला! “थांब! आता उचल! अगं, आता!” मुलीनं रिमोट खाली ठेवला, कानांवर हात ठेवले आणि आत निघून गेली. असं तीनदा झालं.

“आयुष्यभर विमानं बांधलीत ना, मग एक सोफा उचलवेना?” बायको म्हणाली.

त्या टोमण्यानंच मला कारखाना आठवला. तिथे आम्ही पत्रे जोडायला रिव्हेट मारायचो. पत्र्याच्या अलीकडे मी गन घेऊन, पलीकडे जोडीदार लोखंडी ठोकळा दाबून. आवाज इतका, की बोलून उपयोग नाही, आणि मध्ये पत्रा, त्यामुळे तोंडही दिसायचं नाही. तो पत्र्यावर ठोकून सांगायचा. एकदा वाजलं की पुन्हा मार, दोनदा वाजलं की झालं. समोरासमोर आलो की आम्ही भांडायचोच. पत्र्यातून मात्र वर्षानुवर्षं आमचं छान जमलं.

मग मी तोंड मिटलं आणि टीपॉयवर बोटानं वाजवायला लागलो. सोफा पडला की एकदा, पोचला की दोनदा. महिन्याभरानं एका संध्याकाळी सोफा माझ्या चुकीनं पडला, आणि माझ्याआधी तिचं बोट वाजलं. एकदा. माझ्याकडे न बघता.

यंदा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवडाभर मला टीव्ही बघायला बंदी. पाच वाजले, की आमच्या खेळाच्या वेळेला बाहेरच्या खोलीत गेमचं संगीत सुरू व्हायचं आणि एकाच जागी घोटाळत राहायचं. मी आतल्या खोलीत पडून ऐकायचो.

“माझं काही विचारलं का तिनं?” मी बायकोला विचारलं.

“अहो, ती कुणाचं विचारते? जेवली, झोपली, मजेत आहे.”

ते फार लागलं. मी नसलो तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हावं, एवढंच तर मला इतकी वर्षं हवं होतं.

चौथ्या दिवशी संगीत मध्येच थांबलं. बायको बाजारात गेली होती. थोड्या वेळानं माझ्या उशाजवळच्या भिंतीवर पलीकडून आवाज आला. टक. एकच.

मी उठून बसलो आणि बोटानं तसंच एकदा वाजवलं. पलीकडून लगेच परत, टक.

डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आतून आलं तर काय करायचं, ते विचारायचं राहूनच गेलं.