आमच्या व्याह्यांचा आराम

आराम मिळवण्यासाठी आमच्या व्याह्यांनी जेवढे कष्ट उपसले, तेवढे कुणी पोटासाठीसुद्धा उपसले नसतील. आमची मुलगी त्यांच्या घरात दिली त्याला नऊ वर्षं झाली. त्यातली पाच वर्षं हे गृहस्थ 'रत्नागिरीला जाऊन चार दिस नुसतं पडून ऱ्हायचं' या एकाच गोष्टीची तयारी करत होते. माणूस राहू गावचा. दहा-बारा एकर ऊस, ऊस संपतो तिथं स्वतःचं गुऱ्हाळ आणि गुऱ्हाळाच्या तोंडाशी सकाळपासून उभे असलेले ते स्वतः. उंची बेताची, आवाज मात्र असा की चरकाशेजारी उभं राहून त्यांनी फोन केला तर पलीकडच्याला चरक ऐकू येत नाही, व्याहीच ऐकू येतात. मी शिरूरच्या एस्टी डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या प्रत्येक रस्त्याची आणि त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याची जबाबदारी माझ्यावर आहे असं त्यांनी धरून ठेवलं आहे. "पाव्हणं, त्या घाटात वळणं किती?" असा फोन मला भर दुपारच्या जेवणात येऊ शकतो आणि येतोच.

या सगळ्याच्या मुळाशी आमच्या विहीणबाई. पाच वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेत त्यांनी एक बाई समुद्राकडे तोंड करून बसलेली पाहिली. ती बाई बिचारी रडत होती, पण विहीणबाईंचं लक्ष रडण्याकडे नव्हतंच. "बया, किती निवांत बसलीया," त्या म्हणाल्या. "मला बी एकदा असं बसायचंय. कुनाला वाढायचं न्हाई, कुनाचं ताट उचलायचं न्हाई." बाईंनी उभ्या जन्मात मागितलेली ही बहुधा एकच गोष्ट. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय परत पाठवायचं नाही हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. वाटसरू असो, मोजणीदार असो की मत मागायला आलेला असो, त्याच्या हातात पेला जाणारच. व्याह्यांनी हा रिवाज फारच मनावर घेतलेला. पेला रिकामा झाला की ते म्हणत, "आता आलाच हायसा तर दोन घास खाऊन जावा." हे दोन घास कुठून येतात, याचा विचार त्यांनी चाळीस वर्षांत केला नव्हता. ते आतल्या चुलीवरून येत होते आणि चुलीपुढे विहीणबाई होत्या. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघेदुखीनं उचल खाल्ली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि त्यानंतर बरेच महिने वाळूत पाय टाकायचा नाही असंही बजावलं. म्हणजे समुद्र बघायचा तर ऑपरेशनच्या आधीच.

मग काय, व्याह्यांनी कंबर कसली. पाच वर्षं रेंगाळलेल्या बेताला एकदम घाई झाली. आधी त्यांनी समुद्राबद्दल माहिती गोळा केली. ज्यांनी समुद्र पाहिला नाही अशांकडूनच ती गोळा केली, कारण त्यांच्या ओळखीत तशीच माणसं जास्त. त्यांच्या रस आटवायच्या काहिलीवरचा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, उत्तर प्रदेशातला. तो म्हणाला, "मालिक, देखा तो नहीं, पर सुना है पूरा खारा है." एवढ्यावर त्यांनी गूळ न्यायचं ठरवलं. रत्नागिरीत समुद्राजवळ एका काकूंकडे घरगुती राहायची सोय होती, त्यांना फोन लावला. तो फोन मी शेजारी बसून ऐकला आहे. "लाईट कवा असती तुमच्याकडं? दिवसपाळी का रातपाळी?" काकू गोंधळून म्हणाल्या, "अहो, लाईट असतेच की." व्याह्यांचा विश्वास बसेना. "थ्री फेज हाय का?" यावर काकू म्हणाल्या, "पंखा चालण्याइतकी आहे, तुम्ही या तर खरे." फोन ठेवून व्याही मला म्हणाले, "बाई काहीतरी लपवतीया."

मग आरामाची तालीम. एकदम चार दिवस आराम अंगाला सोसायचा नाही, तेव्हा आधीपासून सवय केलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकली, उपरणं डोळ्यांवर घेतलं आणि घरातल्यांना ताकीद दिली की आता तासभर मला कुणी हाक मारायची नाही. कुणी मारलीही नाही. दहा मिनिटांनी त्यांनीच उपरणं काढून गुळव्याला हाक मारली, "जाळ कमी कर रं, पाक करपंल!" पुन्हा उपरणं घेतलं. पुन्हा काढलं. धूर दिसला की त्यांना जाळाचा अंदाज येतो, म्हणून खुर्ची धुराच्या बाजूला वळवली. मग नीट दिसत नाही म्हणून दहा पावलं पुढे नेली. तासाभरानं मी पाहिलं तर खुर्ची काहिलीखालच्या चुलवणाच्या तोंडाशी होती आणि खुर्चीवर बसून व्याही स्वतः चिपाडं आत ढकलत होते. मला म्हणाले, "बसूनच करतोय की."

शेवटी निघालो. 'निघालो' म्हणजे आम्हीसुद्धा. एस्टीतला माणूस बरोबर असलेला बरा, म्हणून मी आणि मी एकटा बरा दिसत नाही म्हणून आमची मंडळी. जावईबापू गाडीनं सोडून परत जाणार आणि चौथ्या दिवशी न्यायला येणार. पहाटे आम्ही राहूला पोचलो तर गाडीची मागची बाजू भरलेली. बाजरीचं पीठ, ज्वारीचं पीठ, कांदे, लसूण, डाळ, शेंगदाण्याचा कूट, दोन प्रकारची चटणी, गुळाच्या चार ढेपी, पीठ मळायची काटवट आणि तवा. "अहो, तिथं जेवण मिळतं," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मिळतं की. पर परमुलखात प्वाटाचा काय भरवसा? असूंद्या बरुबर, लागलं तर लागलं." विहीणबाई गाडीत जाऊन बसल्या होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या आणि लग्नाला निघाल्यासारख्या खुशीत दिसत होत्या. तव्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

काकूंचं घर मोठं नामी होतं. पुढे सारवलेलं अंगण, त्यापलीकडे सुरूची झाडं आणि झाडांपलीकडे समुद्र. अंगणातून तो दिसत नव्हता, नुसता ऐकू यायचा. पहिल्या दुपारी काकूंनी माशाचं कालवण आणि भात वाढला. व्याही चार घास जेवले आणि ताटाकडे बघत बसले. "मासा झ्याक हाय. पर ह्यो भाताशी कसला खायाचा? भात म्हंजी जेवान झाल्यावर खायाची चीज." विहीणबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, भिंतीला धरून उठल्या. काकूंच्या स्वयंपाकघरामागे पडवीत एक चूल होती, तिच्यावर त्यांनी चार भाकरी थापल्या. आमची मंडळी त्यांच्या मदतीला गेली. भाकरी आली आणि व्याह्यांचा चेहरा असा काही खुलला की मीही माझा भात बाजूला सारून एक भाकरी घेतली. खोटं कशाला बोलू, दोन घेतल्या.

इथवर सगळं ठीक होतं. पण गुऱ्हाळवाल्याचं मन हे. समोर माणूस दिसतोय आणि आपण एकटे खातोय, हे त्यांना जमेना. शेजारच्या खोलीत नाशिकचं एक तरुण जोडपं उतरलं होतं. संध्याकाळी त्यांना आग्रहानं बोलावून पिठलं-भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी त्या जोडप्याचे मित्र आले. वाडीत नारळ काढायला आलेले दोघे जण होते, त्यांना बोलावलं. सकाळी मासे घेऊन येणारी बाई पाटी उतरवून पंगतीला बसली. खुद्द काकूंनी आपला भात बंद करून विहीणबाईंच्या हातचा झुणका सुरू केला. "आता आलाच हायसा तर बसा," असं व्याही रत्नागिरीत, दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या पाटावर लोकांना बसवून म्हणत होते. काकवीचा विषय निघाला, गुळाच्या ढेपी फुटल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मोजलं, अकरा पानं होती. पंगत बोटं चाटत होती, व्याह्यांना 'आप्पा, आप्पा' करत होती आणि ते उपरण्यानं घाम पुसत मला सांगत होते, "पाव्हणं, असा आराम जिंदगीत केला न्हवता बगा!"

त्याच पंगतीत ते झालं. काकू ताक वाढत होत्या. वाढता वाढता त्यांनी पडवीकडे तोंड करून सहज विचारलं, "वहिनी, आमचा समुद्र कसा वाटला हो?" आतून भाकरी थापल्याचा आवाज क्षणभर थांबला. विहीणबाई म्हणाल्या, "अजून न्हाई बगितला. आज हुईल, उद्या हुईल. भाकरी चाललीया न्हवं." बोलण्यात तक्रार नव्हती. दळण झालं का असं कुणी विचारल्यावर सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

व्याह्यांनी तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला. त्यांच्या ताटात अर्धी भाकरी होती. ती तशीच राहिली. मी त्यांना नऊ वर्षं ओळखतो, पण ताटात अन्न टाकून उठलेले कधी पाहिले नव्हते. ते उठले, हात धुतले आणि सुरूच्या झाडांकडे बघत एकटेच उभे राहिले. मला लाज वाटली. भाकऱ्या मीही मोडल्या होत्या आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रावर पाय मोकळे करूनही आलो होतो. आमची मंडळी पिठाच्या हातानं पडवीच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती माझ्याकडे बघत होती. तिनंही तीन दिवसांत समुद्र पाहिला नव्हता आणि हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी व्याही फाटकात उभे राहिले. नाशिकचा पोरगा हसत हसत आला, "आप्पा, आज काय बेत?" आलेल्या माणसाला नाही म्हणायची व्याह्यांच्या जिभेला सवयच नव्हती. दोनदा घसा खाकरला, उपरणं झटकलं आणि मग जमिनीकडे बघत म्हणाले, "आज चूल बंद हाय बाळा. आज आमच्या मालकिणीला सुट्टी." पोरगा "बरोबर आहे" म्हणून गेला. व्याही मात्र गुन्हा केल्यासारखे कितीतरी वेळ तिथंच उभे होते. मग त्यांनी काकूंची प्लास्टिकची खुर्ची एका हातानं डोक्यावर धरली, दुसऱ्या हातानं विहीणबाईंचा दंड धरला आणि निघाले. राहूत हा माणूस बायकोच्या दहा पावलं पुढे चालतो. इथं तिच्या एकेका पावलाला थांबत होता. वाळूत तिचा पाय रुतला की म्हणत होता, "सावकाश. कुटं जायचंय आपल्याला?"

खुर्ची रोवली. विहीणबाई बसल्या, पदर नीट केला आणि समोर बघू लागल्या. व्याही शेजारी वाळूत मांडी घालून बसले. आम्ही दोघं थोडे मागे बसलो. जरा वेळानं त्यांनी तोंड उघडलं, "ह्ये पानी पार आफ्रिकेपातूर..." विहीणबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "जरा गप बसा की." आणि ते गप बसले. किती वेळ, मी घड्याळ बघितलं नाही. ऊन वर आलं. सुरूच्या झाडांमागे गाडीचा हॉर्न वाजला; जावईबापू न्यायला आले होते. विहीणबाईंनी लगेच खुर्चीच्या हातांवर जोर दिला. "चला, पोरगं पहाटंचं निघालंय, उपाशी असंल." व्याह्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "बस तू. त्याला भूक लागली तर काकू वाढतील." त्या बसल्या. खाली बसताना डोळे पुसले. वारा होता, वाळूही उडत होती, पण मला वाटतं ते त्यामुळे नसावं. पुष्कळ वेळानं त्या म्हणाल्या, "बसल्यावं बरं वाटतं हो." चाळीस वर्षं सगळ्यांना 'बसा' म्हणणाऱ्या घरात त्यांना हे त्या दिवशी कळलं होतं. चार दिवसांतले दोन-अडीच तास तेवढे बाईंच्या वाट्याला आले.

ऑपरेशन नीट झालं. आता त्या काठी टेकून अंगणात फिरतात. गुऱ्हाळ चालू आहे, रस चालू आहे. पाहुण्यांचे दोन घास मात्र आताशा बाहेरून मागवले जातात. परवा दुपारी जेवत होतो तर व्याह्यांचा फोन. आवाज इतका खाली की मला चरक ऐकू आला. मी घाबरलोच. म्हणालो, "काय झालं? विहीणबाई बऱ्या आहेत ना?"

"बरी हाय की. लई बरी हाय. डॉक्टरनं वाळूत चालायची परवानगी दिली म्हंजी पुन्यांदा जायचं म्हनती रत्नागिरीला."

"मग चला की."

"त्येच तर. आपल्याला न्ह्यायचं न्हाई म्हनती. ती आन् तुमची मंडळी, दोघीच जाणार हायेत. पार ठरलंय त्यांचं. काकूला फोन बी झालाय."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आमची मंडळी भांडी आवरत होती आणि बहुतेक ऐकतही होती, कारण आवाज न करता आवरत होती. व्याही हळूच म्हणाले, "जाऊ द्या दोघींस्नी. हक हाय त्यांचा. पर पाव्हणं, ते चार दिस आपन काय करायचं वो?"

मी विचार केला. खरंच केला. मग फोन कानाशी धरूनच उठलो आणि माझं ताट मीच उचलून आत नेऊन ठेवलं.