कोऱ्या फॉर्मवरची सही

हॉलमध्ये टेबलं मांडलेली होती. प्रत्येक टेबलावर विषयाची पाटी. फिजिक्स, केमिस्ट्री, इकॉनॉमिक्स, लिटरेचर. त्या पाट्या दुपारी मीच लावल्या होत्या. शेवटचं टेबल सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या, हेडसरांचं, त्यांच्यासमोर पालकांसाठी दोन खुर्च्या. माझा नंबर आला. मी खुर्ची मागे ओढली. कागदांतून मान वर न करता सर इंग्रजीत म्हणाले, "त्या खुर्च्या आत्ता नको नेऊस. अजून दोन-तीन पालक यायचेत."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण कुठलं ते ऐकणाऱ्याला कळतं.

माझी मुलगी माझ्या मागे उभी होती. सोळा वर्षांची. शाळेच्या गणवेशात, केस घट्ट बांधलेले, हातात वही. वहीत तिने सरांना विचारायचे प्रश्न लिहून आणले होते. मी चर्चला नेसते ती साडी नेसले होते. प्रयोगशाळेचा पांढरा कोट मुद्दाम काढून ठेवला होता. त्याचा काही उपयोग झाला नाही.

"सर, मी पालक म्हणून आले आहे," मी म्हणाले.

मागे रांगेत कुलकर्णी वहिनी होत्या. त्यांचे मिस्टर तेल कंपनीत मोठे इंजिनीयर. त्या हसल्या. अगदी मोठ्याने नाही. ऐकू येईल इतपत.

ही मस्कतमधली इंग्रजी पद्धतीची खाजगी शाळा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथे सात वर्षं लॅब असिस्टंट होते. वसईची मी. नवरा वाळवंटातल्या कॅम्पवर एसी मेकॅनिक, सहा आठवड्यांनी एकदा घरी यायचा. मी आणि मुलगी मस्कतजवळ सीबला दोन खोल्यांत. स्टाफच्या मुलांना फीमध्ये सवलत होती, म्हणून ती त्या शाळेत. नाहीतर आमच्यासारख्यांनी त्या गेटपाशी टॅक्सीसुद्धा थांबवली नसती.

तिथे दहावीसारखी ओ-लेव्हल, मग दोन वर्षं ए-लेव्हल. आपल्याकडची अकरावी-बारावी समजा. फरक एवढाच की फक्त तीन विषय घ्यायचे आणि ते तीनच खोलवर करायचे. सोळाव्या वर्षी तीन विषय निवडायचे. एक चुकला की पुढची कितीतरी दारं बंद. मुलं घाबरायची. घाबरली की कुठे यायची? माझ्याकडे. प्रयोगशाळेच्या मागे माझी लहानशी खोली होती, तिथे मी बाटल्या भरायचे, बुरेटच्या काचेच्या नळ्या धुवायचे. मधल्या सुट्टीत मुलं दारात उभी राहायची. आंटी, ए-लेव्हलची केमिस्ट्री फार कठीण असते का?

मी खरं सांगायचे. ओ-लेव्हलला आवडली म्हणून इथे आवडेलच असं नाही. मित्राने घेतली म्हणून घेऊ नकोस. पुस्तकाचा पहिला धडा सगळ्यांनाच जमतो, शेवटचा उघडून बघ. वरच्या वर्गात एक तास मागे बसून बघ, मी मॅडमना विचारते. आणि घेतलीस तर सहा आठवडे सोडायची नाही. पहिले सहा आठवडे सगळ्यांच्याच नाकातोंडात पाणी जातं. किती मुलांना मी हे सांगितलं त्याला गणती नाही. कुलकर्णी वहिनींचा मुलगा महिनाभर रोज यायचा. टायट्रेशनमध्ये एका थेंबाने रंग पलटतो तो थेंब कसा ओळखायचा, हे त्याला माझ्याच हाताने समजलं. वहिनींना हे ठाऊक होतं. दिवाळीला चिवड्याची पिशवी पाठवायच्या.

दुसऱ्यांच्या मुलांना शहाणपण शिकवणारी ही बाई. आता ऐका त्या संध्याकाळी तिने काय केलं.

आम्ही घरी ठरवलेले तीन विषय मी सांगितले. सरांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, केमिस्ट्री, बायॉलॉजी, मॅथ्स हा फार जड मेळ आहे. याला घरी वातावरण लागतं. अभ्यासाला बसवणारे, समजावणारे पालक लागतात. आमच्याकडे एक वर्षाचा सेक्रेटरी कोर्स आहे. टायपिंग, ऑफिसचं काम. तिचं इंग्रजी चांगलं आहे.

मागून कुलकर्णी वहिनी मराठीत म्हणाल्या, "अगं, ऐक सरांचं. टायपिंगला घाल तिला. लगेच नोकरी लागते. नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नये गं."

मी त्यांना सात वर्षं अहोजाहो करत होते. त्या मला अगं म्हणायच्या. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं, त्या दिवशी वाटलं. माझे कान तापले. आणि मी काय केलं? हसले. मान डोलावली. सरांनी फॉर्म पुढे सरकवला. विषयांचे तीन चौकोन, खाली पालकाची सही. मुलीला म्हणाले, "तू जा, बाकीची टेबलं बघून ये." ती गेली. मी तिन्ही चौकोन कोरे ठेवले, खाली सही केली आणि म्हणाले, "सर, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा."

का केलं असं? मी याचा खूप विचार केला आहे. आमच्याकडे मोठ्या माणसाला कोऱ्या कागदावर सही देणं म्हणजे त्याला मान देणं. माझे वडील केळीच्या वाडीत राबायचे. सोसायटीचा कागद असो, शाळेचा असो, ते खाली सही करून द्यायचे आणि म्हणायचे, तुम्ही भरा साहेब, तुम्ही काय वाईट करणार आहात. मी दहावी झाले तेव्हा माझा फॉर्म हेडमिस्ट्रेसबाईंनी भरला. मला बॉटनी शिकायची होती. त्यांनी लॅबचा कोर्स लिहिला. वडिलांनी त्यांना घडभर वेलची केळी नेऊन दिली. विश्वास टाकला की माणूस लाजेखातर तरी भलं करतो, असं आम्हाला वाटतं. विश्वास टाकायलाही माणूस पारखून घ्यावा लागतो हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि भीतीही होती. सवलतीच्या कागदावर त्याच सरांची सही लागायची. हे लपवून काय करू?

मुलीला मी सांगितलं, सर बघतील सगळं. तिला वाटलं, आम्ही घरी ठरवलेले तीन विषय मी लिहिले. तिने ओ-लेव्हलची परीक्षा दिली. ऑगस्टमध्ये निकाल आला. केमिस्ट्रीत ए, बायॉलॉजीत ए, मॅथ्समध्ये बी. आम्ही दोघींनी सीबच्या बाजारातून हलवा आणला. नवऱ्याने कॅम्पवरून फोन केला. मला फॉर्मची आठवण झाली नाही असं नाही. झाली. मी म्हटलं, आता असे मार्क पाहून सर काय टायपिंग लिहिणार आहेत?

सप्टेंबरातल्या शनिवारी शाळा उघडली, तिथे आठवडा शनिवारीच सुरू व्हायचा. पहिल्या तासाला मुलांना वेळापत्रकं वाटली. मी केमिस्ट्रीच्या नव्या वर्गासाठी ट्रे लावत होते. दारात मुलगी येऊन उभी राहिली. हातात चिठ्ठी. टायपिंग. ऑफिस प्रॅक्टिस. इंग्लिश.

ती रडली नाही. तिचं मराठी तसं अडखळतच चालायचं, घरी सुद्धा निम्मं इंग्रजी. पण तेव्हा ती मराठीत बोलली. "मम्मी, ऑफिसमध्ये मला फॉर्म दाखवला. तू ब्लँक सही का केला? तू तर सगळ्यांना सांगते ना, आपला विषय आपण घ्यायचा. मला का नाही सांगितला?"

सरांनी अपमान केला तो हॉलमध्ये, चार लोकांत. मी केला तो पाठीमागे, गुपचूप, सहीनिशी. कुणाचा मोठा ते ज्याने त्याने ठरवावं. मी माझं ठरवलेलं आहे.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तो म्हणाला, "सही केलीस ना? मग खलास. आता सरांशी भांडून नोकरी घालवू नकोस. पोरगी टायपिंग तर टायपिंग, उपाशी तर नाही राहणार." तो वाईट माणूस नाही. दमलेला होता. मीही दमलेली होते. आधी वसईकडे, मग इथे, अठरा वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्या धुऊन माणूस दमतो. पण त्या रात्री मला कळलं की माझ्या दमण्याची किंमत मुलगी भरते आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांच्या केबिनमध्ये गेले. पांढरा कोट अंगात होता, काढला नाही. सात वर्षं मी त्या केबिनच्या दारात उभी राहून बोलले होते. त्या दिवशी आत गेले आणि बसले. कुणी सांगितलं नाही.

मी म्हणाले, "माझ्या मुलीला केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि मॅथ्स हवं आहे."

सर म्हणाले, "केमिस्ट्रीचा वर्ग भरला आहे."

आता बघा. माणूस खोटं कुणापुढे बोलतो? ज्याला काही ठाऊक नाही असं त्याला वाटतं, त्याच्यापुढे.

"सर, काल मी अकरा ट्रे लावले. अकरा गॉगल दिले. लॅबमध्ये स्टूल सोळा आहेत. मीच पुसते ते."

त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला, माझ्यापुढे ठेवला, सहीवर बोट ठेवलं. "ही तुमची सही आहे ना?"

"सही माझी आहे. वरचं अक्षर तुमचं आहे."

"तुम्हीच मला भरायला सांगितलंत."

"हो. ती माझी चूक. मुलीचे विषय देऊन टाकायचा हक्क मला नव्हता, आणि जे माझं नव्हतं ते तुम्ही घ्यायला नको होतं."

सर खुर्चीत मागे टेकले. आवाज मऊ केला. म्हणाले, "तुमची मुलगी या शाळेत कशामुळे आहे, हे तुम्ही विसरणार नाही अशी आशा आहे."

इथे मी सात वर्षं जिला घाबरत होते ती गोष्ट बाहेर आली. बाहेर आल्यावर फार मोठी दिसली नाही. केमिस्ट्रीत सी मिळालेला कुलकर्णी वहिनींचा मुलगा त्या अकरात बसला होता. त्याला कुणी वातावरण विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "ए ग्रेडच्या मुलीला केमिस्ट्री का नाही, ते लिहून द्या. सवलतीचं आत्ता बोललात तेही लिहा. खाली तुमची सही करा. मग मी जाते."

सरांनी पेन उचललं. ठेवलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी उठले नाही. सात वर्षांत पहिल्यांदा कुठल्यातरी वर्गाचे ट्रे वेळेवर लागले नाहीत.

शेवटी ते म्हणाले, "ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत. ट्रायल म्हणून."

मुलगी वर्गात बसली. त्या अकरांनंतरची बारावी. इथे गोष्ट संपवता आली असती तर बरं झालं असतं. पण पहिल्या चाचणीत तिला ई मिळाला, पासातली सगळ्यात खालची ग्रेड. बाकीच्यांना घरी शिकवण्या होत्या. तिला मी होते, आणि त्या पुस्तकाचा निम्मा भाग मलाही कळत नव्हता. संध्याकाळी दोघी जेवायच्या टेबलावर बसायचो. ती वाचायची, मी ऐकायचे. मोलचं गणित मांडता मांडता ती चिडून पेन्सिल मोडायची. इतरांना सांगितलेलं तिलाही सांगितलं. सहा आठवडे. ती म्हणायची, "त्यांचे सहा आठवडे आणि माझे सहा आठवडे सेम नाही, मम्मी." खरं होतं तिचं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. समोर तिची उत्तरपत्रिका आणि विषय बदलायचा नवा फॉर्म. ते आता नीट बोलत होते, तुम्ही म्हणत होते असं इंग्रजीतही कळत होतं. कदाचित त्यांना खरंच काळजी असेल. पेन माझ्यापुढे धरलं. मी हात मांडीवरच ठेवले आणि म्हणाले, "तिला विचारा."

सर तिच्याकडे वळले. हॉलमधल्या त्या संध्याकाळपासून तिला थेट विचारायची ही त्यांची पहिलीच वेळ. ती उत्तरपत्रिकेकडे बघत राहिली. तो लाल ई. हो म्हणेल असं मला वाटलं. म्हणाली असती तरी मी तोंड उघडणार नव्हते. ते फार जड गेलं, आजवर केलेल्या कुठल्याही कामापेक्षा.

ती म्हणाली, "मी केमिस्ट्रीतच राहणार."

आम्ही बाहेर आलो.

हे मी जिथे जिथे सांगितलं तिथे लोक पुढे सरकून एकच विचारतात. मग? पुढे काय झालं? झाली का डॉक्टर? मार्क किती पडले? मी सांगत नाही. चर्चमधल्या बायकांना नाही, नातेवाइकांना नाही, कुलकर्णी वहिनींनी रुवीच्या बाजारातल्या दुकानात हात धरून विचारलं तेव्हा त्यांनाही नाही. "तुम्हाला कशाला हवं?" म्हटलं. अहोजाहो सोडलं नाही, पण हात सोडवून घेतला.

कारण मला हिशेब कळला आहे. ती पहिली आली असं सांगितलं तर म्हणतील, हुशार होती म्हणून हक्क होता. नापास झाली असं सांगितलं तर म्हणतील, बघा, सर बरोबर होते. मोठ्या घरच्या मुलांना सी वर बसायला मिळतं, ई वर टिकायला मिळतं, नापास होऊन परत बसायला मिळतं, त्यांच्याकडे कुणी पुरावा मागत नाही. माझ्या मुलीनेच तेवढा निकाल लावून दाखवायचा?

नाही दाखवणार. ती नापास झाली असती तर तिने स्वतः घेतलेल्या विषयात झाली असती. तेवढ्यासाठी मी त्या खुर्चीत बसले होते, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसेन.