मामांचे हात

आमची कबड्डीची टीम चिंचवडची, पण मालक, म्हणजे आमचे शेठ, चाकणचे कारखानदार. मी त्यांच्याच कंपनीच्या पर्सोनेल खात्यातून टीमची मॅनेजर म्हणून आलेली. त्या खात्यात राहून एक खोड लागते. माणूस दिसला की पहिला प्रश्न, कायम की कंत्राटी?

टीमचे मालिशवाले मामा कंत्राटी. परभणीकडचे, तोंडाने फटकळ, हाताने जादूगार. खंडेनवमीला कारखान्यात मशिनींची पूजा आटोपून शेठ नारळ घेऊन आमच्या सरावाच्या हॉलवर आले. इथे पुजायचं काय? ना बॅट, ना चेंडू. शेठ हसले. "आपलं हत्यार ह्येच की!" म्हणत त्यांनी मामांचे दोन्ही हात पुढे ओढले, हळद-कुंकू लावलं, मनगटांना झेंडूच्या माळा बांधल्या. पोरांनी काय शिट्ट्या मारल्या! मामा दिवसभर हात धुवायला तयार नाहीत, जेवले ते चमच्याने.

पुढे लीगच्या सामन्यात त्याच हातांवर आळ आला. शेवटच्या चढाईवरून वाद झाला, धक्काबुक्की झाली आणि समोरच्या टीमचा एक खेळाडू कान धरून खाली बसला. "यांच्या मालिशवाल्याने कानफटात मारली," म्हणाला. मामा म्हणाले, "म्या निस्तं बाजूला सारलं." कॅमेऱ्यात दिसत होती ती फक्त पंचांची पाठ. त्यांच्या मॅनेजरने मला बजावलं, "माणूस तुमचा, जबाब तुमच्या मालकांनी द्यायचा."

मी आत खोलीत जाऊन शेठना सांगितलं. ते म्हणाले, "मामा आपल्या पगाराच्या रोलवर न्हाई ना? मंग आपला कसा? कंत्राटदाराकडं धाडा त्यास्नी."

मामा दारातच उभे होते. त्यांचा चेहरा असा उतरला की माझं डोकंच फिरलं.

"वा रे वा शेठ! मग पूजा काय कंत्राटदाराच्या हातांची केलीत? आपल्या कामावर असताना मारलं असेल, तर ते आपल्याच अंगावर येणार. वकिलाला विचारा, तोही हेच सांगेल."

शेठ पुटपुटले, "ताई, तुमच्या तोंडी लागायची सोय न्हाई," आणि तरातरा बाहेर गेले. आम्ही दोघं मागे.

त्या मॅनेजरला ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मानूस आमचा हाय. पोराचा कान आमी डॉक्टरला दाखवतो. चौकशी बी करा. खरं निघालं तर उत्तर मी देनार."

तेवढ्यात मामांनी त्यांची बाही ओढली. "शेठ, मारली म्या. आपल्या पोराला आईवरून बोलला तो, हात सुटला."

शेठनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं द्येवा! आत्ता तर छाती काढून बोललो, मामा. जरा दम तरी धरायचा!"

"तुमी आपला म्हनलात," मामा म्हणाले. "आता खोटं कसं बोलू?"

मला रडू आलं आणि हसूही. शेठनी मामांचा तोच हात धरला आणि दोघं त्या पोराची माफी मागायला निघाले.