दोन डाव्या बाह्या

माझी थोरली बहीण शिवणकाम करते आणि मूल वाढवते. दुसऱ्या कामात ती जास्त नावाजलेली आहे, हे मी धाकटी म्हणून जरा जळूनच सांगते. चर्चमध्ये रविवारच्या शाळेत ती बारा वर्षं शिकवते आहे. कुणाचं पोर खोटं बोलायला लागलं, कुणाचं उलट उत्तरं द्यायला लागलं, की त्यांच्या आया हिला फोन करतात. ताई फोन कान आणि खांद्याच्या मधे अडकवते, कात्री चालूच ठेवते आणि सल्ला देते. मी समोर बसून काजं करते आणि ऐकते. मला मूलबाळ नाही, त्यामुळे माझा सल्ला कुणी विचारत नाही. काजांबद्दलसुद्धा नाही.

ताईच्या घरचा एक नियम आहे. संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि त्याआधी दिवसभरातली भांडणं मिटवून टाकायची. फुगलेलं तोंड घेऊन देवासमोर बसायचं नाही. भांडण मिटेपर्यंत पातेल्यांवरची झाकणं उघडत नाहीत. भावजी लिफ्ट दुरुस्त करतात, दिवसभर वरखाली करून दमून येतात. म्हणून ते कुणाशी भांडायच्या भानगडीत पडत नाहीत.

त्यांची मुलगी एकच, नऊ वर्षांची. आम्ही तिला पिटुकली म्हणतो. अंगाने एवढीशी, पण एकदा जे नाही म्हणेल ते नाहीच.

चर्चच्या गायकांसाठी आठ झगे शिवायचं काम आलं होतं. कापड इतकं जाड की दुहेरी घालून बेतता येईना. बाहीचा कागद एकदा सरळ ठेवून एक बाही कापायची, मग तोच कागद उलटवून दुसरी. सात झगे झाले. आठव्याच्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. संध्याकाळी गाल सुजवून परत आले तर टेबलावर दोन बाह्या पडलेल्या, दोन्ही डाव्या. आणि शिलाई मशीनला टेकून पिटुकली उभी, डोळे लाल.

"हिने कागदाशी खेळ केला," ताई म्हणाली. "मी एक बाही कापून जरा उठले, तेवढ्यात हिने उलटवून ठेवलेला कागद पुन्हा सरळ केला. बघ, त्यावर मांजरही काढलंय!"

"मांजर मी सकाळी काढलं," पिटुकली म्हणाली. "पण कागद नाही हलवला."

"अर्धं कबूल करायचं आणि अर्धं लपवायचं, असं शिकवलं का मी तुला?"

पोरीने टेबलाकडे पाठ फिरवली. जेवणाची वेळ टळून गेली, झाकणं तशीच. भावजींनी दोनदा घसा खाकरला. शेवटी ताईने मोठ्या मनाने सांगून टाकलं, "जाऊ दे. मी तुला माफ केलं."

प्रार्थना सुरू झाली. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, असं जिथे येतं, तिथे पिटुकलीचे ओठ मिटले. तेवढी ओळ गेली आणि पुढच्या ओळीला तिचा आवाज परत आला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ताईने आधी डोळे वटारले, मग समजावलं, मग रविवारच्या शाळेत तिच्याचकडे बघत क्षमेवर मोठा धडा घेतला. काही उपयोग नाही. आठव्या दिवशी शिवता शिवता तिचा पाय मशीनवर थांबला. "लोकांच्या मुलांना देवाकडे नेते मी," ती म्हणाली, "आणि माझीच माझ्या हातून सुटतेय का गं?" ताईला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी नवं कापड आलं, पण रंग जुन्याशी जुळेना, म्हणून आठवा झगा पुन्हा पहिल्यापासून कापायचा होता. ताई बेतायला बसली. पहिली बाही झाली आणि फोन वाजला. कुण्या आईची तक्रार होती की तिचा लेक खोटं बोलतो. ताई रंगात आली. "मुलाचं आधी पूर्ण ऐकून घ्यायचं," ती सांगत होती आणि सांगता सांगता तिने कागद उचलला, कापडावर ठेवला, खडू फिरवला. मी सहज मान वर केली. कागदावरचं मांजर मघाशी माझ्याकडे बघत होतं, तसंच आताही बघत होतं.

"ताई, थांब. कागद उलटवला नाहीस."

तिने मांजराकडे पाहिलं. फोनमधली बाई बोलतच होती. ताईने तो न सांगताच बंद केला.

"त्या दिवशीही हिचाच फोन आला होता," ती हळूच म्हणाली. पिटुकली तेव्हा शाळेत होती. आता दोष द्यायला घरात कुणीच नव्हतं.

संध्याकाळी झाकणं उघडायच्या आधी ताई खुर्चीवरून उठली आणि लेकीसमोर जमिनीवर बसली. "चूक माझी होती. तू खरं बोलत होतीस, मी ऐकलं नाही. न केलेल्या गोष्टीची तुला माफी दिली, वर उपकार केल्यासारखी. मला क्षमा करशील?"

मला वाटलं, आता गळ्यात पडेल आणि आपण जेवू. पिटुकलीने बराच विचार केला.

"आत्ता नाही जमत, आई. मी रोज करून बघते. पण अजून होत नाही. आणि झालं नसताना झालं म्हटलं तर देवाला कळेल ना?"

चाळीस वर्षं मी ती ओळ म्हणत आले, भाताकडे डोळा ठेवून. ही नऊ वर्षांची पोर रोज तिथे थांबून खरोखर बघत होती, झालं का म्हणून. आम्ही त्याला हट्ट म्हणत होतो! ताई हिला देवाकडे नेत होती म्हणे. पोर तर केव्हाच तिथे जाऊन उभी होती आणि आम्ही मागे राहिलो होतो.

"बरं," ताई म्हणाली. "मी थांबते." आणि पहिल्यांदाच भांडण मिटलेलं नसताना त्या घरात झाकणं उघडली.

ती खरंच थांबली. लाडीगोडी नाही, आठवण करून देणं नाही. रोज ती ओळ यायची, पिटुकली गप्प, आणि ताईही मान खाली घालून गप्प. चार दिवस गेले. पाचव्या संध्याकाळी ती ओळ आली तेव्हा मी सवयीने एकटीच म्हणायला लागले, भावजींचा आवाज नेहमीसारखा मागून आला, आणि मग एक बारीक, स्वच्छ आवाज. शेवटच्या शब्दापर्यंत.

प्रार्थना संपली. शेवटचं आमेन रोज ताई म्हणते, ते काही येईना. मी डोळे उघडले. ती दोन्ही हातांत तोंड लपवून बसली होती.

पिटुकलीने तिच्या कोपराला हलकेच ढोसलं.

"आई, आमेन म्हण ना. भूक लागलीय."