इमानाचं खळं

बानं मला मारलं ते इमानाच्या पंखाखाली, तुमच्या विमानाच्या.

गावासमोर मारलं. गोऱ्या साहेबासमोर मारलं. त्याच्या हातात येसकराची काठी होती, वर घुंगरं बांधलेली. काठी पाठीवर पडली की घुंगरं वाजायची. घुंगरं वाजली की लोक हसायचे. मांडवातले हसायचे, मांडवाबाहेरचे हसायचे. बायाही हसायच्या, पदर तोंडाला लावून.

"जोरमां मार!" पाटील मांडवातून ओरडला. "पोर तुन्ही शे म्हणीसन हात आखडू नको."

बानं हात आखडला नाही. आखडला असता तर काठी दुसऱ्याच्या हातात गेली असती.

मी रडले नाही असं काही मी सांगणार नाही. रडले. लुगड्याचा तुकडा नेसलेला, तो ओला झाला. दुधाचे दात नुकते पडून गेलेली पोर मी, केवढीशी! पण रडता रडता मी बाच्या तोंडाकडं बघितलं. त्याचे डोळे माझ्यावर नव्हतेच. काठी माझ्यावर आणि डोळे पाटलावर. ते डोळे मी तेव्हाच उचलून घेतले. आजवर खाली ठेवले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारे, पहिल्यापासून सांग. सांगते.

आमचं गाव पारोळ्याच्या अंगाला. नाव सांगत नाही, ज्यांचं आहे त्यांना बरोबर कळेल. लढाईची वर्षं होती. सरकारनं आमचं गायरान पलटणीला दिलं. तंबू आले, घोडे आले, मोटारी आल्या. नाल्याकाठी मातीचा उंच बांध घातला आणि त्याच्यावर चांदमारी सुरू झाली. दिवस उगवला की बंदुका. महारवाडा नाल्याला लागून, म्हणजे गोळ्यांच्या सगळ्यात जवळ आम्ही. गाव आपलं लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. आमच्या तव्यातली भाकरी थरथरायची. कोंबड्या खुडूक व्हायच्या बंद झाल्या. तान्ही लेकरं आधी दचकायची, मग दचकायचीही थांबली. आम्हा पोरांना तर नुसत्या आवाजावरून कळायचं, गोळी मातीत घुसली का दगडावर आपटली.

बा गावाचा येसकर. येसकर म्हणजे वेशीचा राखणदार. राखायचं गाव आणि राहायचं गावाबाहेर, असं ते काम. दवंडी द्यायची, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, कुणाचं ढोर मेलं तर ओढायचं आणि सांजच्याला दारोदार भाकरी मागायची. पलटण आल्यावर त्यात एक भर पडली. चांदमारीच्या आधी लाल निशाण घेऊन रानभर ओरडत फिरायचं, "ढोरं आवरा रे भाऊ, गोळ्या सुटतीन!" बठ्ठ्या, म्हणजे साऱ्या गावाची ढोरं बानं वाचवली. आमच्या दारात शेळीसुद्धा नव्हती.

बाला एकच नाद होता. डफ. रात्रीची भाकरी खाल्ली की डफ शेकायचा आणि वाजवायचा. कातडं कसं ताणलंय ते बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघायचं, ते मी त्याच्या मांडीवर बसून शिकले होते. हे ध्यानात ठेवा.

संक्रांत झाली आणि खबर आली, इमानांचा खेळ होणार. गावोगावच्या पोरांनी बघावं, भुलावं आणि पलटणीत भरती व्हावं म्हणून. दोन इमानं येणार, आभाळात कोलांट्या घेणार आणि त्यातलं एक गायरानावर उतरणार. आता इमान उतरतं कसं, हे आमच्याकडं कुणी पाहिलं होतं? पाटलाच्या मनानं घेतलं, धुरळा उडाला तर साहेबाच्या डोळ्यात जाईल, गावाची अब्रू जाईल. धुरळा कुठं उडत नाही? खळ्यावर. ज्वारी मळायला आपण जमीन ठोकतो, पाणी मारतो, शेणानं सारवतो, मग ती कशी तळहातासारखी होते. पाटलानं हुकूम सोडला, "इमानले खळं करा."

खळं केलं ते आमच्या बायांनी. अहो, साऱ्या तालुक्याची ज्वारी मावेल एवढं खळं! गावभरचं शेण डोक्यावर वाहिलं. नाल्यातून पाण्याच्या घागरी. माय, वेणूअक्का, साऱ्या महारवाड्याच्या बाया ओळीनं बसून सारवत सारवत मागं सरकायच्या. मी मायच्या शेजारी. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, त्यात शेण जायचं, चरचरायचं. पाटलाचा थोरला मुलगा, सगळे त्याला दादा म्हणायचे, देखरेखीला होता. पण बसायचा लांब, निंबाखाली बाज टाकून. आमच्या अंगावरचं वारं लागू नये म्हणून. तिथूनच ओरडायचा, "कोपरा राहिना व्हई तो करा!"

आणि खरं सांगू, खेळ होता मोठा नामी. दोन पंख एकावर एक असलेली ती इमानं, आभाळात उताणी व्हायची, पालथी व्हायची, पार नाल्यावर येऊन पुन्हा वर. मी हसत होते. साऱ्या जगाला विसरले होते. मग एक उतरलं. आमच्या खळ्यावर उतरलं आणि मातीचा एक कण उडाला नाही. पाटलानं मिशीवर हात फिरवला. खळं त्यानंच सारवलं होतं जणू.

पाटलीणबाई ताट घेऊन पुढं झाली. पोळ्याला बैलाला ओवाळतात तसं तिनं इमानाला ओवाळलं. नाकाडाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पुरणपोळी त्याच्या तोंडापुढं धरली. आमच्यासाठी आखलेल्या चुन्याच्या रेघेपलीकडं आम्ही नाल्याच्या टोकाला उभे. वेणूअक्का हळूच म्हणाली, "दखा वं माय, पोळी खात नही. उपास शे का त्याले?"

आम्ही तोंड दाबून हसलो. तेवढ्यात इमान फिरलं. परत जायचं म्हणून ते चालवणाऱ्या गोऱ्या साहेबानं खळ्याच्या टोकापर्यंत चालवत आणलं आणि थांबवलं. पंख रेघ ओलांडून माझ्या डोक्यावर आला. मी रेघ ओलांडली नव्हती. इमानानं ओलांडली होती. मी वर बघितलं. मला वाटलं होतं लोखंड असेल. कापड होतं! ताणलेलं, बाच्या डफासारखं. माझा हात आपोआप वर गेला. बोटाच्या पेरानं टिचकी मारली. टप्प. वाजलं. डफासारखंच वाजलं.

"बाटाडं! महारनी पोरनी इमान बाटाडं!" मांडवातून कुणीतरी ओरडलं.

मग ते झालं. कुणी तांब्यातून गोमूत्र आणलं. पाटलीणबाईनं निंबाच्या डहाळीनं पंखावर शिंपडलं. साहेबानं खाली उतरून दुभाष्याला काही विचारलं, दुभाषा काही बोलला. साहेब हसला आणि त्यानं सिगारेट पेटवली. पाटलानं बाला पुढं बोलावलं. "येसकर, तुन्ही पोर. आते तूच मार तिले."

तिथून पुढचं तुम्हाला सांगून झालं.

घरी मायनं एरंडाचं पान शेकून पाठीवर ठेवलं. बा आत आला नाही. दाराशी बसून राहिला. त्या दिवसानंतर त्यानं डफाला हात लावला नाही आणि मलाही नाही. मी जवळ गेले की उठून जायचा. त्याचं मला काठीपेक्षा जास्त लागलं. आमच्या घरातलं माणूस त्यांनी आमच्याच हातानं तोडलं होतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या तोंडावर दादा नाल्याच्या पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला. म्हणाला, इमान परत येणार, यावेळी मोठा साहेब येणार, जिल्ह्याचे बडे लोक येणार. खळं घोड्यांनी आणि मोटारींनी उखडलं आहे. परत करा. नाही केलं तर येसकरकी दुसऱ्याला, भाकरी बंद, आणि नाल्यात खोदलेल्या झिऱ्यावर पाय ठेवायचा नाही.

तो गेल्यावर वेणूअक्का म्हणाली, "आम्हना हात लागना ते इमान बाटनं. आन आम्हना हातना सारवणवर त्यानं चाक पडस, तव्हय नही बाटत का?"

माय गवऱ्या थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "सारवसूत ना," ती म्हणाली. "आसं सारवसूत, गाव जलमभर याद करी."

आमच्या गावाची जुनी पांढरी आहे. पांढरी म्हणजे पूर्वीचं पडलेलं गावठाण. तिथली माती पिठासारखी, फुंकर मारली तर उठेल अशी. मायनं साऱ्या बायांना तिकडं नेलं. टोपल्या भरल्या. शेण मात्र सगळं घरी. त्याच्या गवऱ्या झाल्या, पावसाळाभर चूल पेटली त्यांच्यावर.

आणि आम्ही गायरानावर ओळीनं बसलो. वाकून वाकून हात फिरवले. डोक्यावर घागरी नेल्या, रिकाम्या. टोपल्यांतली पांढरी माती हातानं पसरली, सपाट केली, अंगणात करावी तशी निगुतीनं केली. लांबून बघितलं तर नुकतं वाळलेलं सारवण. दादा निंबाखाली बाजेवर बसला होता. विटाळाच्या भीतीनं एकदाही जवळ आला नाही. तिथूनच ओरडला, "यंदा चांगलं झायं वं!"

माय म्हणाली, "हो दादा."

खेळाच्या दिवशी मांडव पहिल्याहून मोठा होता. पाटलीणबाईनं नवा शालू नेसला होता. ताटात पुरणपोळ्या. इमान आलं, एक गिरकी घेतली आणि उतरलं.

काय सांगू तुम्हाला! जमिनीतून आभाळ उठलं. पांढरं आभाळ. इमान दिसेना, मांडव दिसेना, पाटील दिसेना. नुसता खोकला ऐकू येत होता. मग एक आवाज झाला, लाकूड मोडल्याचा. धुरळा खाली बसला तेव्हा इमान तोंडावर पडलेलं. चाकं भुसभुशीत मातीत रुतलेली, शेपूट वर, नाकाड जमिनीत. नांगरासारखं. मागचाच साहेब बाहेर आला, धडधाकट होता, पण पापण्यांपर्यंत पिठाचा झालेला. तो मेला असता तर, असं मला पुढं एका शिकलेल्या बाईनं विचारलं. मी म्हणाले, माझ्या पाठीत काठी बसत होती तेव्हा तो सिगारेट ओढत होता.

पाटील धावत आला. पोळ्यांवर माती, शालूवर माती, मिशीवर माती. मोठा साहेब ओरडत होता, दुभाषा अडखळत ते पाटलाला सांगत होता. इमान ओढून काढायचं होतं. आणि ओढायचं काम गावात कुणाचं? मेलेलं ढोर ओढतात त्यांचं.

"येसकर! बठ्ठा महारवाडा बलाव! लावा हात, ओढा!"

चुन्याच्या रेघेपलीकडं आम्ही सगळे उभे. कुणी हललं नाही. बा काठी घेऊन पुढं उभा. त्याचा पाय उचललेला मी बघितला. आणि माझ्या तोंडातून आलं. कुठून आलं ठाऊक नाही.

"पाटील आबा, आम्ही हात लावा ते इमान बाटी ना!"

दादा किंचाळला, "खळं कोणी बिघाडं? मी स्वतः दखं, ह्या सारवी राह्यन्यात!"

"दूरथीन दखं ना, दादा?" मी म्हणाले. "जोडे, जवळ येता ते समजतं."

पाटलाचं तोंड काळंनिळं झालं. त्यानं बाच्याकडं बघून बोट माझ्याकडं केलं. बोलायची गरज नव्हती. काठी, पोर, गाव, सगळं मागच्यासारखंच मांडलेलं होतं.

बा वळला. माझ्याकडं आला. मी डोळे मिटले नाहीत. बानं काठी उचलली, रेघेपर्यंत चालत गेला आणि ती पाटलाच्या पायापुढं मातीत टाकली. घुंगरं एकदा वाजली.

"आते तूच वाजाड," बा म्हणाला.

यावेळी कुणी हसलं नाही.

इमान ओढलं ते पाटलानं, दादानं, त्यांच्या भाऊबंदांनी. पांढरी धोतरं खोचून, गुडघ्यापर्यंत मातीत, साहेबाच्या शिव्या खात. आम्ही रेघेपलीकडं उभं राहून शेवटपर्यंत बघितलं. वेणूअक्का तर खाली बसून बघत होती, पानतंबाखू खात, खेळ बघावा तशी. आमच्या आयुष्यातला तोच खरा इमानांचा खेळ.

त्याची फेड त्यांनी करून घेतली. भाकरी बंद झाली. झिऱ्यात त्यांनी मेलेलं कुत्रं टाकलं. बाला शेतात गाठून मारलं, तो उजवा पाय पुढं कधी सरळ झाला नाही. आम्ही धुळ्याला आलो. माय आणि मी जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला लागलो, गठड्यांवरची अक्षरं बघत बघत मी वाचायला शिकले. बानं नवा डफ घेतला. पहिली टिचकी त्यानं मला मारायला लावली. पण ज्या पोरीला तो मांडीवर घ्यायचा ती तोवर मोठी झाली होती. तेवढी वर्षं मला कुणी परत दिली नाहीत.

लोक सांगतात, जुनं झालं, सोडून द्या अक्का. जुनं त्यांचं झालं असेल. माझी पाठ माझ्याजवळच आहे.

माझं दार उघडं असतं. येणाऱ्याला बसायला चटई, प्यायला पाणी, चहा, जे असेल ते. बोलायला तर मी आहेच. पण त्या गावचं कुणी आलं, आणि अजून येतात, नातू येतात, शिकलेले, अदबीनं बोलणारे, तर त्यांना मी उंबऱ्याबाहेर उभं करते. तांब्या भरलेला असतो, तो त्यांच्यासमोर माझ्या हातात धरते. आणि विचारते:

"तुझा आजा त्या दिवशी मांडवात होता का बाहेर? घुंगरं वाजत होती तेव्हा तो हसला का?"

सांगितल्याशिवाय पाणी नाही.